हसल्याबद्दल मार

परत तो वारा सुटलाय. समोरच्या चेस्टनटच्या झाडाची फळं गाड्यांच्या टपांवर आपटतायत, धाड धाड, कुणी दगड मारावेत तशी. ही फळं खायची नाहीत, विषारी असतात. इथली पोरं त्यांना भोक पाडून दोरी ओवतात आणि एकमेकांच्या फळावर हाणतात. ज्याचं फुटलं तो हरला. खेळ एवढाच. मँचेस्टरच्या आमच्या गल्लीत हा आवाज सुरू झाला की मी म्हणते, हस्त लागला.

इथं नक्षत्रं कुणी मानत नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली, पण नक्षत्रं शाळेत शिकावी लागली नाहीत, ती अंगावर पडायची. आमच्या कराडकडच्या खेड्यात हस्ताचा पाऊस म्हणजे हत्ती शेतात शिरल्यासारखा. कापणीला आलेलं भात आडवं करायचा. भुईमुगाच्या शेंगा मातीतच कोंब धरायच्या. बाप शेतावरून चिखलाच्या पायांनी यायचा आणि पावसावरचा राग आईच्या पाठीवर काढायचा. त्याच संध्याकाळी आम्ही पोरी हादगा खेळायचो. पाटावर तांदळाचा हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं. आईचा एक डोळा सुजून मिटलेला असायचा. ती डब्याचं झाकण गच्च धरून म्हणायची, "ओळखा बघू, भवान्यांनो." आम्ही ओरडायचो, शेंगदाण्याची चटणी, खोबऱ्याची वडी, भेंडीचं बी. आई हसायची. बापाच्या कानावर ते हसू गेलं की खोकल्याचा आवाज यायचा आणि आई गप्प व्हायची.

हा ऋतू लोकांना गोड का वाटतो मला कळत नाही. मला तो मारामारीचा ऋतू वाटतो. तिथंही, इथंही.

योलांदा शेजारी राहायला आली तेव्हाही असाच वारा होता. आमच्या ओळीतल्या घरांना दोन घरांत मिळून एकच भिंत. पलीकडे चमचा पडला तर कुठला पडला ते मला कळतं. योलांदा कोलंबियाची. पहाटे ऑफिसं साफ करायला जायची. तिचा माणूस डीन, इथलाच, छपरं दुरुस्त करायचा. लग्न झालेलं होतं की नाही कोण जाणे. डीन मोठा मर्यादशील. "मॉर्निंग, लव्ह" म्हटल्याशिवाय पुढं जायचा नाही. माझा कचऱ्याचा डबा न सांगता बाहेर नेऊन ठेवायचा. एका वादळात माझ्या छपराची दगडी पाटी उडाली, तर हा पठ्ठ्या पावसात शिडी लावून चढला, पाटी बसवून खाली आला, माझ्या हातचा चहा प्याला. मला आवडायचा तो. खोटं कशाला बोलू?

मग एकदा तिच्या दोरीवर उशीचा अभ्रा बघितला. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत आयुष्य काढलंय. डाग बघून मला कळतं काय सांडलं होतं आणि ते कुणी कसं धुतलं. हा डाग तपकिरी, कडा पक्क्या. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून मी तिला म्हटलं, "रक्त गार पाण्यात धुवायचं. गरम पाण्यात बसतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. ती आमची ओळख.

तिचं इंग्रजी मोडकं आणि माझं लाँड्रीतलं. दोन लंगड्या एकमेकींना धरून चालतात तसं आमचं बोलणं चालायचं. इथं मी ते सरळ मराठीत लिहिते. ती मला दोन्या तारा म्हणायची. दोन्या म्हणजे आपल्यातलं बाई. दोन्या तारा, मला झोप येत नाही. दोन्या तारा, छातीत पाखरू फडफडतं. दोन्या तारा, पहाटे बसमध्ये बसते आणि उतरायचं विसरते. दिसायला चाळिशीची बाई, पण जिना चढताना कठड्याला धरून म्हातारीसारखी थांबायची. मला जिन्याचा आवाज ऐकू यायचा. दोन पायऱ्या, थांबली. दोन पायऱ्या, थांबली.

माझी नात ईशा, लेकीची लेक, कॉलेजात स्पॅनिश शिकली. कशाला शिकतेस म्हटलं तर म्हणाली, आवडतं. तिला पुढं कामही त्याच भाषेत मिळालं. ट्रामच्या स्टॉपजवळ एका चर्चचा हॉल आहे. तिथं स्पॅनिश बोलणाऱ्या बायका जमायच्या. डिप्रेशनवाल्या, घाबरं होणाऱ्या. एक डॉक्टरीणबाई त्यांच्याकडून काहीतरी करून घ्यायची आणि ईशा तिच्या हाताखाली. "काहीतरी" म्हणजे काय ते मी खोदून खोदून विचारलं.

"आजी, बघ," ईशा तिच्या इथं वाढलेल्या मराठीत म्हणाली, "वाईट वाटणं कमी करायचं हा एक काम आहे. पण चांगलं वाटणं ही वेगळं आहे. डिप्रेशनमध्ये माणसाचं चांगलं वाटायचं मशीनच बंद पडतो. तो परत चालू करायला प्रॅक्टिस लागते."

"कसली प्रॅक्टिस?"

"म्हणजे रोज एक छोटी चांगली गोष्ट पकडायची. पटकन सोडायची नाही. संत्रं सोललं तर त्याचा वास घेत उभं राहायचं. कुणाचं तरी भलं व्हावं असं मनात म्हणायचं. आवडायची ती गोष्ट ठरवून करायची, मूड नसला तरी. आणि चांगलं काही झालं तर घरी कुणाला तरी सांगायचं. सांगितलं की ते वाढतं."

"आणि याचा तुला पगार देतात?"

"आजी!"

"आमच्या वेळी संत्र्याचा वास फुकट होता."

"आमच्या वेळी, आमच्या वेळी. तुमच्या वेळी कोण हॅपी होतं, नाव सांग एक."

पोरीची जीभ आजीवर गेली आहे.

तरी योलांदाला मीच पाठवलं. सुखासाठी नाही. तिथं तिच्या भाषेत बोलतात, हीटर चालू असतो आणि दुपारी दोन तास ती त्या घरात नसेल, एवढाच माझा हिशोब. ईशानं त्या दिवसापासून तिच्याबद्दल माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. नियम आहे म्हणे. मला सांगायची गरजही नव्हती. मला भिंत सांगायची.

भिंतीनं आधी गुणगुणणं सांगितलं. भांडी घासताना, खालच्या आवाजात, एकच ओळ परत परत. मग एक दिवस जिना ती न थांबता चढली. मी हातातलं लाटणं ठेवून ऐकलं. मग एक दिवस स्वयंपाकघरात ती एकटीच हसली. एकटी बाई घरात हसते तो आवाज वेगळाच असतो. चोरून खाल्ल्यासारखा.

कुंपणाशी आली तेव्हा तिच्या बोटांना संत्र्याचा वास होता. "दोन्या तारा, वास घ्या," म्हणून तिनं हात माझ्या नाकाशी धरला. "लहानपणी बाबा टोपलीभर आणायचे. मी विसरलेच होते की मला बाबा होते." तिच्या गालाला रंग आला होता. मला बरं वाटलं, आणि मी तिच्या घराच्या दाराकडे बघितलं.

मी म्हटलं, "हे घरात करू नकोस."

"काय?"

"हे. गाणं, हसणं. बाहेर काय ते कर. घरात तोंड पाडून बस. डोकं दुखतंय म्हण. त्याला दिसू देऊ नकोस."

ती म्हणाली, "मग ते सुख कसलं?"

मी म्हटलं, "जिवंत राहिलेलं."

हे मी पुस्तकातून शिकले नव्हते. माझा नवरा आधी सूतगिरणीत होता, पुढं बसवर. बाहेर माणूस देव. घरी त्याला माझं तोंड वाचता यायचं. लाँड्रीत आम्ही बायका वाफेत घामाघूम होऊन एकमेकींच्या अंगावर ओल्या चादरी फेकायचो, पोट दुखेस्तोवर हसायचो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आलं की मी ते हसू पुसायचे, कुंकू पुसावं तसं. एकदा पुसायचं राहिलं. त्यानं विचारलं, "कोण भेटलं?" मी म्हटलं, "कुणी नाही." माझे दोन दात तेव्हाचे गेलेत. तो सुधारला नाही. मेला, तेव्हा थांबला. तेरावा झाल्यावर मी लाडू केले आणि सगळे एकटीनं खाल्ले.

तर मला जे माहीत होतं ते मी तिला दिलं. पण हॉलमध्ये तिला दुसरं काही दिलं होतं: चांगलं झालं तर घरी सांग. आणि ती प्रामाणिक बाई. शाळेतल्या हुशार पोरीसारखं तिनं ते केलं. डीन चहा पीत होता तेव्हा तिनं त्याला सांगितलं, आज आम्ही हॉलमध्ये खूप हसलो.

मला शब्द ऐकू आले नाहीत. शब्दांनंतरचं ऐकू आलं. खुर्ची. कपाटाचं दार. मग एक आवाज, ओल्या चादरीचा गठ्ठा लादीवर टाकल्यासारखा. परत. परत. मी भिंतीवर पोळपाट आपटला. पलीकडे सगळं थांबलं. थोड्या वेळानं दारावर टकटक. डीन. केस नीट बसवलेले. "सॉरी, लव्ह. कपाट पडलं. घाबरलात का?"

मी पोलिसांना फोन केला. आले. दारात योलांदा उभी राहिली, ओठ फाटलेला, आणि म्हणाली, कपाट. पोलीस गेले. मी तिला दोष देत नाही. माझे दातही नळाच्या तोटीवर पडून गेले होते, विचारा कुणालाही.

ईशा आली तेव्हा मी तिला दारातच फैलावर घेतलं. "घरी सांगा म्हणे! वाघाच्या पिंजऱ्यात मटण टाकून वर त्याला सांगा म्हणे, बघ, मटण आहे!"

ती पांढरी पडली. कोण, काय, तिला विचारावं लागलं नाही. पायरीवर बसली, कोटासकट. म्हणाली, "आम्ही बायकांना विचारलं नाही. घरी सांगणं सेफ आहे का ते. आधी विचारायला पाहिजे होता."

"मग बंद कर ते सगळं."

"नाही."

"नाही?"

"आजी, तू तिला काय सांगितलंस? रड, म्हणजे मारणार नाही?" आता ती उभी राहिली होती. "तो आधीपण मारत होता. ती रडत होती तेव्हापण. मग हसणं बंद करून काय मिळणार? तू एवढी वर्षं तोंड पाडून बसलीस, तुझे दात परत आले?"

मी तिच्या मुस्काटात मारणार होते. हात वर गेलाही. मग तो हात मी बघितला आणि खाली घेतला. आत जाऊन आमटी गरम केली. दोघींनी खाल्ली. हॉलमध्ये त्यांनी पुढं काय बदललं ते मला नंतर कळलं. आता आधी प्रत्येकीला एकटीला विचारतात, घरी कोण आहे, हात उचलतो का तो. आणि सांगायचंच तर ते घरातच सांगावं असं नाही, म्हणतात.

वर्ष फिरून नवरात्र आलं. इथल्या मराठी मंडळाचा हादगा शहरात मोठ्या हॉलमध्ये असतो, तिथं स्पीकरवर गाणी लावतात आणि बायका फोटोंसाठी फेर धरतात. मला जायचं नव्हतं. मी योलांदाला म्हटलं, तुझ्या हॉलमधल्या बायकांना घेऊन दुपारी माझ्याकडे या. डीन दिवसा कामावर असायचा.

ईशा म्हणाली, "आजी, हे नियमात बसत नाही."

"मी नियमाला नाही, बायकांना बोलावलंय. तू नात म्हणून ये. खुर्च्या उचलायला लागतील."

मी पाटावर तांदळाचा हत्ती काढला. हात कापतो आता, सोंड वाकडी झाली. बायका आल्या. कुणी पेरूची, कुणी बोलिव्हियाची, एक स्पेनमधलीच म्हातारी. मी गाणी म्हटली, ईशानं अर्थ सांगितला. हादग्याच्या गाण्यांत भक्ती फार नाही. सासरच्यांना शिव्या आहेत. सासू कशी, दीर कसा, नवरा कसा वेडा, सगळ्यांची खेळीमेळीनं चामडी सोलायची आणि फेर धरायचा. ते कळल्यावर त्या बायका अशा काही खिदळल्या की बस. स्पेनची म्हातारी म्हणाली, "हे आम्हाला हॉलमध्ये का नाही शिकवलं?"

मग त्या आपापल्या ओळी जोडायला लागल्या. एकीनं सुपरवायझरला धुतलं, एकीनं सासूला. योलांदाची पाळी आली. तिच्या भाषेत ती काहीतरी म्हणाली, आणि बायकांनी किंचाळून टाळ्या पिटल्या. ईशानं मला सांगितलं: "लोकांची छपरं सांधतो, आपलं घर फोडतो, असा माझा राजा." सगळ्यांनी ती ओळ उचलली. फेर जोरात फिरायला लागला. खिडकीच्या काचा वाऱ्यानं थरथरत होत्या, त्याहून आवाज आमचा.

भिंत दोन्ही बाजूंनी पातळ असते. आणि एवढ्या वाऱ्यात छपरावर कुणी चढत नाही. हे मला सुचायला हवं होतं. डीन घरी होता.

त्यानं दार ठोठावलं नाही. दाराची काच फोडून कडी काढली. आत आला तेव्हा त्याच्या मुठीतून रक्त गळत होतं आणि चेहरा अगदी शांत. मला म्हणाला, "सॉरी, लव्ह." मग तिला, "घरी चल."

मी मराठीतच ओरडले, "हात सोडू नका!" ईशानं तेच त्यांच्या भाषेत ओरडलं. बायकांनी योलांदाला आत ढकललं, हत्तीशेजारी, आणि फेर आवळला. कुणी गात नव्हतं. नुसते श्वास. तो भोवती फिरला, जागा शोधत. स्पेनच्या म्हातारीच्या केसांना धरून त्यानं तिला ओढलं, तिनं हात सोडला नाही, केस तुटले. ईशाच्या तोंडावर त्याचं कोपर बसलं. मी मध्ये गेले. त्यानं मला उचलून टाकलं तशी मी भिंतीवरच्या लोखंडी रेडिएटरवर पडले. मनगटाचा आवाज मी स्वतः ऐकला, वाळकी काटकी मोडल्यासारखा.

तेवढ्यात फेराच्या आतून पाट वर गेला. तांदूळ सगळ्यांच्या डोक्यावर उडाले. योलांदानं दोन्ही हातांनी पाट धरला होता आणि तो त्याच्या तोंडावर बसला. सागवानी पाट, जड, आईचा. तो गुडघ्यावर आला. नाकातून रक्ताची धार लागली. तिनं परत उचलला. ईशा फाटलेल्या ओठांनी ओरडली, "योलांदा!" आणि ती थांबली. मी असते तर थांबले नसते. ती थांबली, म्हणून आज ती तुरुंगाबाहेर आहे.

पोलीस आले. फोनवर दुभाषी बाई घेतली. डीन म्हणाला, पडलो. योलांदाला विचारलं, काय झालं? मी खुर्चीत मनगट मांडीवर ठेवून बसले होते आणि मला वाटलं, आता कपाट म्हणणार.

ती बोलायला लागली. एक शब्द मला कळत नव्हता. आधी हळू, मग पाण्यासारखी. फोनमधली बाई मध्येच म्हणाली, जरा थांबा, मला सांगू दे. ती थांबेना. हातवारे करून कपाट दाखवलं, जिना दाखवला, उशी दाखवली. बोलता बोलता तिच्या केसांतून तांदूळ गळत होते. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांतली एकही रडली नाही.

त्याच संध्याकाळी तिला सुरक्षित ठिकाणी घेऊन गेले. कुठं, ते सांगत नाहीत, आणि सांगू नयेच. ग्लासगो असेल, ब्रिस्टल असेल, पुढची गल्ली असेल. डीनला शिक्षा झाली, माझ्या मते थोडी. शेजारी आता दुसरं कुटुंब आहे. त्यांचं बाळ रडतं आणि त्याचा बाप त्याला घेऊन जिना चढतो उतरतो. चांगला आवाज आहे.

वारा सुटला की मी अजून विचार करते, कोण बरोबर होतं? मी म्हणत होते, सुख लपव, जीव वाचेल. पोरगी म्हणत होती, सुख वाढव. दुःखानं बाई गप्प बसते, हे मला माहीत होतं, कारण मी बसले होते. पण हसायची सवय लागली की बाई मार खायला नालायक होते, हे मला माहीत नव्हतं. तिला रक्त निघालं, ईशाला निघालं, माझं हाड मोडलं. सुख फुकट मिळतं असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्या संत्र्याच्या वासानं तिचा जिना मोकळा केला नसता, तर तो पाट तिला पेलला असता असं मला वाटत नाही.

काल ईशा आली होती. ओठावर बारीक वण राहिलाय, लिपस्टिक लावली की दिसत नाही. मी पोळ्या लाटत होते. मी सहज म्हटलं, "शेजारणीचं काही कळतं का गं?"

"आजी, मी काही सांगू शकत नाही. तुला माहिती आहे."

"जिवंत आहे एवढं तरी?"

"काही सांगू शकत नाही."

मी लाटणं थांबवून तिच्याकडे बघितलं. "मग हसतेस कशाला?"

"कुठं हसते?" म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं, तरी खांदे हलत होते.

मी पोळी तव्यावर टाकली. हसू लपवायला या पोरीला कुणी शिकवलं नाही. बरं झालं.